चौकातले माळवद आणि मिरवणूक पाहणारी माणसे : एका तालुक्याच्या गावातील प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण धाराशिव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातले आहे. गावाचे आणि त्यातील माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबाद संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाची सांगता झाली. त्या दिवशी सकाळच्या ध्वजारोहणानंतर गावातून मिरवणूक काढावी, असे ठरले. नगर परिषद, शाळा, व्यापारी आणि तरुण मंडळे यांची मिळून एक समिती झाली. मी या समितीत होतो आणि माझ्याकडे चित्ररथांचे काम होते.

प्रभात फेरी आमच्याकडे दरवर्षी निघते. पोरे झेंडे घेऊन घोषणा देत हुतात्मा स्मारकापर्यंत जातात आणि खाऊ घेऊन घरी परततात. फेरी पाहायला थांबणारे थोडेच असतात. या वर्षी मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर सात चित्ररथ होते, दोन शाळांची लेझीम पथके होती, हलगीवाले होते, बँड होता आणि एनसीसीची मुले होती. एका चित्ररथावर जंगल सत्याग्रहातील शिंदीची झाडे तोडणारे सत्याग्रही होते, दुसऱ्यावर करोडगिरी नाका, म्हणजे संस्थानाचा जकातीचा नाका, जाळण्याचा प्रसंग होता, तिसऱ्यावर मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ सभेत बोलत होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्गला पोहोचले, तो प्रसंगही एका शाळेने उभा केला होता आणि त्यासाठी मुलांनी पुठ्ठ्याचा रणगाडा महिनाभर खपून तयार केला होता.

या तयारीची बातमी आजूबाजूच्या खेड्यांत पोहोचली. त्यातच तो दिवस रविवार होता, तीन दिवसांपूर्वीच पोळा झाला होता आणि दोन दिवसांवर गणेश चतुर्थी होती. माणसे मोकळी होती, घरी पाहुणे होते, आणि बाजाराचे निमित्त सगळ्यांनाच होते.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १९४८ साली जो दहा वर्षांचा होता तो २०२३ साली पंचाऐंशी वर्षांचा झालेला होता. ज्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी मिरवणुकीत चालू शकेल असे कोणी उरलेले नव्हते. असे लोक आता रस्त्याच्या कडेला, ओट्यावर किंवा पारावर बसून पाहणारेच होते. मिरवणूक कोणासाठी काढायची, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे आमच्या डोळ्यांसमोर होते. तरीही समितीच्या पाच बैठकांत कोण कोणामागे चालणार, यावर आम्ही तासन्‌तास बोललो आणि कोण कुठून पाहणार, यावर एकदाही बोललो नाही.

अडचण कशी तयार झाली

मार्ग ठरवताना दोन रस्ते समोर होते. बाहेरचा रस्ता रुंद होता, पण तो ग्रामीण रुग्णालयाला लागून जातो. रुग्णालयाच्या परिसरात शांतता पाळावी लागते, त्यामुळे तिथून बँड आणि हलगी वाजवत नेणे शक्य नव्हते. आतला रस्ता पेठेतून जुन्या वेशीपर्यंत आणि तिथून स्मारकाकडे जातो. मिरवणूक पेठेतूनच गेली पाहिजे, असा व्यापाऱ्यांचा आग्रह होता आणि तो चुकीचा नव्हता, कारण गावाचे येणे-जाणे त्याच रस्त्याने होते. पोलीस ठाण्याची परवानगीही त्याच मार्गाची मिळाली.

समितीतील एका निवृत्त अभियंत्याने पेठेची रुंदी आठवडाभर आधी टेपने मोजली होती. ती सर्वात अरुंद जागी चोवीस फूट भरली. सजावट केलेली ट्रॉली आठ फुटांची होती, त्यामुळे जागा पुरेशी आहे, असे आम्ही धरून चाललो. मोजमाप बरोबर होते. त्याचा दिवस चुकला होता. गणेशमूर्तींचे स्टॉल चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी लागतात. रविवारी सकाळी वेशीजवळच्या चौकाआधी दोन्ही बाजूंनी बांबू, ताडपत्री आणि मूर्तींच्या फळ्या लागलेल्या होत्या आणि मधला रस्ता जेमतेम अकरा फूट उरला होता. ट्रॉली मधून गेली तर दोन्ही कडांना दीड-दीड फूट जागा राहत होती. एवढ्या जागेत माणूस कडेला अंग चोरून उभा राहू शकतो, पण लेकरू कडेवर घेऊन मिरवणूक पाहू शकत नाही.

त्यामुळे पाहणारी माणसे वर चढली. आधी ओटे भरले, मग जिने, आणि शेवटी चौकाच्या कोपऱ्यावर असलेल्या जुन्या वाड्याचे माळवद. हा वाडा चौकाच्या बरोबर तोंडावर आहे. तिथून पेठही दिसते आणि वेसही दिसते, त्यामुळे गावात कुठलीही मिरवणूक असली की पोरांची पहिली धाव तिथेच असते. माळवद म्हणजे काय, ते आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. तरीही या प्रकरणात त्याच्या बांधणीला महत्त्व आहे म्हणून थोडे लिहितो. भिंतीवर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या लाकडी पट्ट्या, म्हणजे किलचण, त्यावर पाला किंवा काड्यांचा थर आणि सर्वात वर जाड पांढरी माती, अशी या सपाट छताची रचना असते. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून ती चोपावी लागते. घरात माणसे कमी झाली, मातीची गाडी मिळेनाशी झाली की हे काम राहते, मग पाणी मुरते आणि वरून धड दिसणाऱ्या माळवदाखाली तुळईची टोके भिंतीत कुजत जातात. या वाड्यावर चार वर्षांत माती पडली नव्हती, हे आम्हाला नंतर कळले.

साडेदहाच्या सुमारास मिरवणुकीचे तोंड चौकापासून सुमारे दीडशे पावलांवर आले, तेव्हा माळवदावर साठ-सत्तर माणसे होती. मी पहिल्या चित्ररथाबरोबर चालत होतो. वाड्याच्या दारातून घरातली सून डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली आणि मला म्हणाली, "काका, आत माती गळायली. माणसं उतरवा तेवढी."

मी दारातून आत पाहिले. ओसरीत अंथरलेल्या सतरंजीवर किलचणांच्या फटींच्या खाली मातीच्या सरळ रेघा पडलेल्या होत्या, आणि वर कोणी पाय बदलला की त्या रेघांवर आणखी माती पडत होती.

समोर असलेले पर्याय

पोलीस उपनिरीक्षक, समितीचे अध्यक्ष आणि मी अशा तिघांनी वाड्याच्या ओट्याजवळ उभे राहून निर्णय घेतला. त्याला सात-आठ मिनिटे लागली असावीत. त्या मिनिटांत आम्ही जे बोललो ते मी त्याच रात्री लिहून ठेवले होते, म्हणून ते येथे बऱ्याच खात्रीने देता येते.

पहिला विचार आला तो मिरवणूक आहे तिथेच थांबवण्याचा. पण मागे सात ट्रॉल्या, त्यांच्यामध्ये चालणारी सहाशे-सातशे मुले आणि मागून बाजारातून येणारी माणसे होती. पुढचे थांबले हे मागच्याला कळत नाही, तो चालतच राहतो. २५ जानेवारी २००५ रोजी साताऱ्यातील मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हापासून अरुंद जागेत गर्दी थांबवणे म्हणजे काय, याची समज आपल्याकडच्या पोलिसांना आहे. उपनिरीक्षकांनी हा पर्याय पहिल्या वाक्यातच नाकारला आणि त्यांचे बरोबर होते.

दुसरा पर्याय अध्यक्षांचा होता. चार पोलीस वर पाठवून माणसे खाली उतरवावीत, असे ते म्हणाले. हा सर्वांना सरळ वाटणारा मार्ग होता आणि मलाही प्रथम तोच पटला. अडचण जिन्याची होती. वाड्याचा जिना भिंतीतला, अंधारा आणि एका वेळी एकच माणूस जाईल एवढा आहे. वरून हाकलले की साठ माणसे एकदम त्या तोंडाकडे येणार, म्हणजे माळवदाचे सगळे ओझे एका कोपऱ्यावर जमा होणार. शिवाय पोलीस वर येताना दिसले की पोरे शेजारच्या ओट्यांवर उड्या टाकतात, हा दर वर्षीचा अनुभव आहे.

तिसरा पर्याय कोणी सुचवला, हे आज नक्की सांगता येत नाही. बोलता बोलता तो तिघांच्या तोंडी आला. माणसे माळवदावर थांबली होती ती लेझमीसाठी. मिरवणूक चौकात आली की दोन्ही पथके गोल धरतात आणि हलगीच्या तालावर दहा-पंधरा मिनिटे खेळतात, ही जुनी रीत आहे. चित्ररथ पाहायला कोणी माळवदावर चढत नाही, कारण ते खालूनही दिसतात. लेझमीचा गोल मात्र वरूनच दिसतो. तेव्हा पाहण्याची गोष्ट चौकातून हलवली, तर पाहणारे आपल्या पायांनी आणि आपल्या गतीने उतरतील, असा तर्क होता. लेझीम चौकात न थांबवता चारशे पावलांवरच्या शाळेच्या मैदानावर न्यायची आणि हे सर्वांना ऐकू जाईल असे आधी सांगायचे.

या पर्यायाला विरोध होता तो अध्यक्षांचा, आणि त्यामागचे कारण लहान नव्हते. चौकातल्या पारावर समितीने चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर सकाळी आठपासून गावातली वयस्कर मंडळी बसलेली होती. त्यांना मैदानापर्यंत चालत नेणे शक्य नव्हते. लेझीम हलवणे म्हणजे ज्यांच्यासाठी ती ठेवली त्यांच्यासमोरून ती उचलून नेणे, असे अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज त्या वेळी भरून आला होता.

प्रत्यक्ष काय केले

तिसरा पर्याय निवडला. प्रथम बँड आणि हलगी पूर्ण बंद करायला सांगितली. हा भाग महत्त्वाचा ठरला. वाजवणे चालू असते तर ध्वनिक्षेपकावरचे बोलणे माळवदापर्यंत पोहोचलेच नसते, आणि वाजवणे अचानक थांबले की सगळ्यांचे लक्ष आपोआप पुढे जाते. मग पुढच्या टेंपोवरून मुख्याध्यापकांनी शांतपणे तीन वेळा सांगितले की लेझीम शाळेच्या मैदानावर होणार आहे, चौकात होणार नाही, सर्वांनी सावकाश तिकडे यावे. माळवदाचा उल्लेख करायचा नाही, असे आम्ही ठरवले होते. "छत पडेल" हा शब्द एकदा कानावर गेला असता तर पुढचे कोणाच्याच हातात राहिले नसते.

वाड्याच्या जिन्याखाली एक पोलीस आणि घरातला थोरला मुलगा उभा राहिला. पाच-पाच माणसे उतरू द्यायची, एवढेच त्यांचे काम होते. बायका आणि लेकरे आधी उतरली. चित्ररथ दरम्यान न थांबता चौकातून पुढे काढले. माळवद पूर्ण रिकामे व्हायला अठरा मिनिटे लागली.

परिणाम

माळवद पडले नाही. एका मुलाने जिन्याची वाट न पाहता शेजारच्या ओट्यावर उडी टाकली आणि त्याचा पाय मुरगळला; त्याखेरीज कोणालाही इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी नगर परिषदेच्या अभियंत्याने वाडा पाहिला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दोन तुळया मधोमध वाकलेल्या आणि त्यांपैकी एकीचे भिंतीतले टोक कुजून मोकळे झालेले आढळले. घरच्यांनी त्या खोलीतले सामान त्याच दिवशी हलवले.

मैदानावर लेझीम उत्तम झाली. गोल मोठा धरता आला आणि तरुण मंडळी खूश होती. म्हणून समितीच्या पुढच्या बैठकीत हा दिवस यशस्वी झाला, असाच ठराव आधी मांडला गेला.

पारावरच्या चाळीस खुर्च्यांचे काय झाले, ते त्या ठरावात नव्हते. चित्ररथ त्यांच्यासमोरून न थांबता निघून गेले. करोडगिरी नाक्याच्या चित्ररथाला चौकात पाच मिनिटे थांबायचे होते, कारण नाका पेटवण्याचा प्रसंग मुले तिथेच करून दाखवणार होती. तोही हलत हलत पुढे गेला. खुर्च्यांत पहिल्या रांगेत शहाऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. रझाकारांच्या धाकाने गावे रिकामी होऊ लागली तेव्हा त्या आईचे बोट धरून रात्रीच्या वेळी बार्शीच्या बाजूला, म्हणजे संस्थानाच्या हद्दीबाहेर गेल्या होत्या. मिरवणूक पाहण्यासाठी नातवाने त्यांना मोटारसायकलवरून आणून बसवले होते. दुपारी मी त्यांना भेटलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "समदं भुर्रकन गेलं रं लेकरा. लई लांबून आले हुते."

त्यांना मी माळवदाचे कारण सांगितले. त्यांनी ते समजून घेतले. पण बरोबर निर्णयाचीही किंमत कोणीतरी मोजलेली असते, आणि ती ज्यांनी मोजली ते बैठकीत नव्हते. माझ्या मते या प्रकरणातली सर्वात मोठी चूक ही त्या सात-आठ मिनिटांतली नाही. ती आधीच्या पाच बैठकांतली आहे, आणि चित्ररथांचा मार्ग माझ्याकडे असल्यामुळे तिच्यात माझा वाटा मोठा आहे.

पुढच्या दोन वर्षांतले निर्णय

२०२४ साली १७ सप्टेंबर आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली. दुपारनंतर पेठ विसर्जनाला द्यावी लागणार होती आणि पोलिसांचा सगळा बंदोबस्त तिकडे होता. मिरवणूक पुढे ढकलावी, असे काहींचे म्हणणे होते. पण मुक्तिदिनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्यात अर्थ नाही, यावर शेवटी एकमत झाले. म्हणून चित्ररथ चालवायचेच नाहीत, असे ठरले. सकाळी सात ते नऊ ते शाळेच्या मैदानावर ओळीने उभे केले, मंडप घालून खुर्च्या टाकल्या आणि पाहणाऱ्यांनी त्यांच्यासमोरून चालत जायचे, अशी योजना केली.

सुरक्षिततेच्या दृष्टीने यात उणे काढण्यासारखे काही नव्हते. वयस्कर मंडळींना सगळे नीट दिसले. तरीही येणारे निम्म्याहून कमी होते, आणि कोण आले नाही हे पाहिल्यावर कारण लक्षात आले. पेठेत राहणाऱ्या बायका मिरवणूक दारातून पाहतात. चुलीवर दूध ठेवलेले असते, सासू आत झोपलेली असते, गणपतीच्या निरोपाचा स्वयंपाक चालू असतो. हलगी ऐकू आली की त्या हात पुसत उंबऱ्यात येतात, पाहतात आणि परत कामाला लागतात. मुद्दाम कपडे बदलून मैदानावर जाणे त्यांना त्या दिवशी जमण्यासारखे नव्हते. मिरवणूक घरासमोर येते म्हणूनच ती त्यांची असते. ही गोष्ट आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या लक्षात आली नव्हती. ती एका शिक्षिकेने बैठकीत सांगितली.

२०२५ साली म्हणून दोन्ही जोडले. मिरवणूक पेठेतून काढली, पण तीन चित्ररथांचीच आणि वाजतगाजत न थांबता. थांबण्याच्या जागा फक्त दोन ठेवल्या. एक मैदान, आणि दुसरी वेशीबाहेरचे बाजारतळ, जिथे रिक्षा थेट खुर्चीपर्यंत जाते. त्या सप्टेंबरात पावसाने मराठवाड्याला झोडपून काढले होते आणि माळवदे पाण्याने जड झालेली होती. पेठेतील जुन्या घरांच्या मालकांना समितीतील दोघांनी घरोघरी जाऊन विनंती केली. बहुतेकांनी जिन्याच्या तोंडाशी बाज आडवी टाकली आणि घरातलाच एक माणूस तिथे बसवला. कोपऱ्यावरच्या वाड्याचे माळवद तोवर उतरवून तिथे पत्रे टाकलेले होते.

काय वेगळे करता आले असते

रस्त्याची रुंदी ज्या दिवशी मिरवणूक त्याच दिवसाच्या स्थितीत मोजायला हवी होती. स्टॉल कधी लागतात हे नगर परिषदेकडे विचारले असते तर एका फोनवर कळले असते, कारण त्यांची पावती तिथेच फाडली जाते. स्टॉलवाल्यांना हटवायला मात्र नको होते. वर्षातले त्यांचे तेवढेच चार दिवस असतात.

माळवदाचे ओझे मातीच्या रेघा पडण्याआधी कळायला हवे होते आणि ते ज्यांना कळू शकत होते त्या घरच्या माणसांना आम्ही काहीच विचारले नव्हते. सुनेने बाहेर येऊन सांगितले म्हणून आम्ही सावध झालो. त्या दाराशी मी चालत नसतो, तर ती कोणाला सांगणार होती, याचे उत्तर आमच्या व्यवस्थेत नव्हते. आता प्रत्येक चौकात समितीचा एक माणूस पाहणाऱ्यांकडे तोंड करून आणि मिरवणुकीकडे पाठ करून उभा असतो. ही जबाबदारी कोणी आनंदाने घेत नाही, म्हणून ती आलटून पालटून दिली जाते.

लेझीम हलवण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. पण चित्ररथ त्याच वेगाने पुढे नेणे गरजेचे होते का, याबद्दल मला शंका आहे. माळवद रिकामे झाल्यावर, म्हणजे अठरा मिनिटांनंतर, मागचे दोन चित्ररथ तरी पारासमोर थांबवता आले असते. तोपर्यंत आमचे सगळ्यांचे डोळे वर लागलेले होते आणि पाराकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

२०२५ साली त्या आजी बाजारतळावर आल्या होत्या. नाक्याचा चित्ररथ त्यांच्यासमोर पंधरा मिनिटे थांबला. मुलांनी नाका पेटवला, घोषणा दिल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी टाळी वाजवली नाही. त्यांनी नातवाला पुढे वाकायला सांगितले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलल्या. तो माझ्याकडे आला. आजी म्हणतात, त्यांच्या वाटेवरच्या नाक्याला बांबू आडवा नव्हता, लोखंडी साखळी होती, आणि ती रात्री पायाला लागून वाजू नये म्हणून आईने त्यांना उचलून पलीकडे ठेवले होते. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि साखळी किती जाड होती ते विचारले. त्यांनी आपले मनगट पुढे केले.